जुलैत फोन कोण करणार?

सभेच्या अध्यक्ष आणि शाळा मंडळाच्या प्रमुख माननीय ग्लेंडा ऑस्टबी बाई, मुख्याध्यापक नायबर्ग सर, आजच्या सत्कारमूर्ती व्हर्ना पेडर्सन बाई आणि हॅलोवे मिल्सचे सुजन नागरिकहो,

प्रथम एक तक्रार सभेपुढे ठेवतो. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा असं ठरलं होतं. पाहतो तो टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बटाट्याचं सॅलड! मुलांना कॉलेज निवडून देण्यात ज्या बाईंची हयात गेली, त्यांच्याच निरोपाच्या जेवणात निवडीला वाव नसावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

असो. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं, तेव्हा विषयाकडे वळतो.

आपण मला साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून ओळखता. आज मात्र मी टिल्डाचा बाप म्हणून उभा आहे. ती तिसऱ्या रांगेत बसून मघापासून माझ्याकडे डोळे वटारते आहे. सप्टेंबरात तिनं घरी जाहीर केलं, "मला भूगर्भशास्त्र शिकायचंय, आणि तेही इंग्लंडात." ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही; तिनं ऑक्सफर्ड धरलं. आपल्या गावातून तिकडे आजवर कुणी अर्जही केला नव्हता. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मला काही ठाऊक नाही. म्हणजे शिकावं लागणार. बस."

आपल्याकडच्या, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जाचा निबंध कसा असतो, हे इथल्या प्रत्येक आईबापाला मुखोद्गत आहे: एक दुःख, एक खेळ, थोडी समाजसेवा आणि शेवटी आत्मसाक्षात्कार. टिल्डानंही आजोबांचा मृत्यू, हॉकी, चर्चमधलं सूपवाटप असा षोडशोपचार मांडला.

"वाचून रडले गं मी," बाई म्हणाल्या. "फार सुरेख. आता हे सगळं काढ."

"आजोबापण?"

"आजोबा दगड गोळा करायचे का?"

"नाही. मासे पकडायचे."

"मग राहू देत त्यांना तळ्यावरच."

उरली एक ओळ. तळ्याकाठच्या तांबड्या खडकात पट्टे का पडले असतील, एवढीच. "इथून सुरू कर," बाई म्हणाल्या. "तू किती गुणी आहेस ते त्यांना नकोय. तुला काय कळत नाही आणि ते तू कसं शोधतेस, ते लिही."

डिसेंबरात संगणकावर मुलाखत झाली. कार्टी बाहेर आली ती चिडूनच. "बाबा, मी कोण, कुठली, काही विचारलंच नाही! एक खडक दाखवला आणि म्हणे, बोल!"

ती बोलली असावी. कारण जानेवारीत होकार आला, पण अटीसह. मे महिन्यातल्या तीन राष्ट्रीय परीक्षांत पाचपैकी पाच हवेत. आपल्याकडे प्रवेश मिळाला की पोरं उन्हाळ्यापर्यंत पुस्तकाकडे ढुंकून पाहत नाहीत आणि शिक्षकही सोयीस्कर डोळेझाक करतात. तिकडचा होकार म्हणजे त्रिशंकू. वर घेतलंय म्हणावं, तर पाय टेकायला जागा नाही.

मेच्या आरंभी आपल्या राज्य विद्यापीठातली जागा राखून ठेवायची मुदत होती. मी म्हटलं, "असू दे हाताशी."

"बाबा, दगडांचा अभ्यास करायचाय मला. दोन दगडांवर पाय नको."

तिनं ती जागा सोडली. माझं काय चालतंय!

मग पदार्थविज्ञानाचा पेपर झाला. ती घरी न येता थेट बाईंच्या खोलीत गेली. मी न्यायला आलो होतो, दाराशीच थांबलो.

"शेवटचा प्रश्न अर्धा राहिला."

"अर्धा झाला म्हण."

"आणि पाच नाही आले तर?"

"तर मी त्यांना फोन करीन. भांडीन. मला कोण अडवतंय?"

सभाजनहो, निकाल जुलैत आहे आणि बाईंची सेवा आज संपते. पुढच्या आठवड्यात त्या बहिणीकडे ॲरिझोनाला चालल्या. ऑक्सफर्डचे लोक शाळेच्या वतीनं बोलणाऱ्याचं ऐकून घेतात. निवृत्त बाईंचं नाही, आणि बापाचं तर मुळीच नाही. बाईंच्या जागी तूर्त कुणाला नेमायचं नाही, असा ठराव मंडळानं केला आहे. अध्यक्षबाईंनी मान खाली घालू नये. ती बातमी मीच छापली, बोलिंगच्या निकालांखाली.

बाई मागून म्हणताहेत, "पुरे हो, आइस्क्रीम वितळलं!" बाई, पोरांच्या जिवाला घोर लागला की तुम्ही नेहमी खाण्याचाच विषय काढता.

तेव्हा आवरतो. बाईंचे उपकार फिटणारे नाहीत, तसा प्रयत्नही करत नाही. ज्यांनी खुर्च्या मांडल्या आणि जे नंतर उचलणार आहेत, त्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. बटाट्याची तक्रार मी मागे घेतो.

दुसरी मागे घेता येत नाही. एखाद्या विषयात पाचाऐवजी चार आले, तर या इमारतीत फोन उचलून माझ्या मुलीसाठी काय बोलायचं, हे ठाऊक असलेलं एकही माणूस जुलैत नसेल. मला त्याची भीती वाटते.