सतरा नंबरचं वावर

माह्या अब्बाचा अकोल्याले, जुन्या शहरात टांगा होता, मी शादी करून इकडं नांदगाव खंडेश्वरले आलो आन् जीप घेतली, तवापासून सवाऱ्या वाहून राह्यलो. पन काय सांगू तुमाले, त्या बोंडअळीच्या सालात सवाऱ्या कमी आन् फवारनीचं औषध बाधलेले मानसंच जास्त वाह्यले. गडी पऱ्हाटीत चक्कर येऊन पडे, मले फोन येये, भाऊ लवकर या, वडाजवळच्या वावरात. आता वड का एक आहे? मी धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं फिरत राहो आन् मानूस तिकडे तडफडे. एक तं माह्या गाडीतच गेला.

त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या गावची आशा वर्कर, वंदनाताई, घरून निंगाली. एकेका वावरात जाये, धुऱ्यावरच्या गोट्यावर चुन्यानं नंबर टाके, तिथंच उभी राहून मोबाईलवर लोकेशन घेये आन् नंबर लिहून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाके. लोक हासत. मी म्हनलं, ताई, हे काहून? तं म्हने, घाबरलेल्या मानसाले लोकेशन पाठोता येत नाही भाऊ, बायाइले अक्षर येत नाही, पन फोन लावून लावून आकडे सगळ्याइले येतेत.

मंग एका दुपारी ती मीटिंगले चांदूर रेल्वेले गेलती, आन् ग्रुपवर नुसतं आलं, १७. निंदनाऱ्या कौसाबाईनं टाकलं होतं. मी गाडी चालू करून राह्यलो तं वंदनाचा फोन.

भाऊ, सतरा माह्यंच वावर होय. पह्यले त्याइचे कपडे काढा, साबनानं आंग धुवा, मंगच गाडीत घ्या.

आवाज हालला नाही तिचा. मी मोबाईलवरच्या टिपक्यावर सरका गेलो, कोनाले रस्ता इचारला नाही. तिचा मालक प्रकाश इहिरीजवळ पडला होता, तोंडाले फेस. मी आन् कौसाबाईनं त्याले धुतलं, अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हने, येळेवर आनला. वंदना आली, नवऱ्याच्या कपायावर हात ठेवला, मंग बाहीर पायरीवर बसून लय रडली. मी पानी देल्लं.

प्रकाश आता बरा आहे, फवारनीले जात नाही. ती बाजूच्या गावाचे वावरं फिरून राह्यली, तिथंही चुना आन् मोबाईल घेऊन. मी गाडीत साबन, पान्याची कॅन भरून ठेवतो. दुवा एकच मांगतो बाप्पा, औंदा त्या ग्रुपवर एकही आकडा न येवो.