पेटीचा हार

आमच्या अध्यक्षाची हौस सांगतो, मंग चहा प्या.

जठारपेठेतल्या आमच्या शाळेत चिमण्यांसाठी लाकडी पेटी टांगली हाये. त्या दिवशी पोरांसमोर आतल्या पिल्लांच्या पायात ओळख पटासाठी नंबराची कडी घालाची होती. पण संस्थेच्या अध्यक्षाले आधी पूजा पायजे. त्यानं पेटीले असा जाडजूड हार घातला, का भोकच बुजलं. चिमणी चोचीत अळी घेऊन भिरभिरून राहिली.

पोरं म्हणे, "सर, पिल्लं उपाशी हायेत ना."

म्या म्हटलं, "साहेब, हार काढतो."

तो म्हणे, "थांबा, फोटोवाला येऊ द्या."

मी काई थांबलो नाई. हार काढून वळलो, तं हा गडी माझ्यापुढं मान वाकवून उभा.

घातला मंग त्याच्याच गळ्यात. चिमणी तवा कुठं आत गेली.