मिठाचा हात

नाही नाही, तुमच्यातलं सूप मागत नाहीये मी – तुमचं तुम्हीच प्या, निवांत प्या – फक्त एवढंच सांगा, घोट गिळून झाल्यावर मागे काही राहतं का? किंचित करपल्यासारखं? कांद्याचं? लगेच नको, आधी दोन-चार चमचे जाऊ द्या. अहो, असे बघू नका, मी कुठल्या खात्याचा तपासनीस नाही. तो नवा बार झालाय ना, निळ्या दिव्यांचा, पेट्रोल पंपासमोर – तिथल्या मालकालाही तसंच वाटलं. मी टेबलाटेबलाला विचारत फिरायला लागलो तर धावत आला बिचारा, खुर्ची काय पुसली, थंडगार सरबत काय आणलं! म्हटलं, बाबा रे, मला तुझा परवाना बघायचा नाही, मला माझी लेक हवीय. मग सरबत उचलून परत घेऊन गेला.

हे माझं पंधरावं ठिकाण. दहा महिन्यांतलं पंधरावं. कुठे नवीन पाटी लागली, दारावर फुगे दिसले, की मी हजर. बार असला तरी जातो – थेंब घेत नाही हो मी – जातो, कोपऱ्यात बसतो, सूप मागवतो. वाढपी एकमेकांना कोपरखळ्या मारतात, सूपवाले काका आले म्हणतात. म्हणू देत. नवीनच का, तर जुने मालक सगळे माझ्या ओळखीचे, तीस वर्षं माझी स्वतःची खानावळ होती, त्यांच्याकडे ती कशाला जाईल? मला कळेल ना! माझ्यापासून लपायचं तर नव्यातच लपणार. आणि लपली तरी हात कुठे लपवेल? अर्धा कांदा तव्यावर पालथा टाकायचा, पार काळा होऊ द्यायचा, सुपात उकळायचा, वाढायच्या आधी काढून फेकायचा. मी शिकवलंय. दुसरं कुणी करत नाही, इतरांना वाटतं कांदा जळला, टाका.

काय म्हणालात? मी स्वतःच का पिऊन बघत नाही? सगळे हेच विचारतात. दाढ दुखतेय माझी. सूज आहे. – आता दहा महिने कसली दाढ दुखते, असं मनात आलं ना तुमच्या? आलंच. बरं, ऐका, तुम्ही काही मला ओळखत नाही. मला चव लागत नाही. वासही येत नाही. दीड वर्षापूर्वी ताप आला आठ दिवस, ताप गेला तो दोन्ही घेऊन गेला. हे सूप आणि नळाचं पाणी, माझ्या लेखी एकच, एवढंच की हे गरम आहे. चौदा ठिकाणचं सूप प्यालोय मी, आणि एकाचीही चव विचारू नका!

सांगायला हवं होतं. कुणाला सांगणार? आचाऱ्याने सांगायचं, की माझी जीभ गेली? लाज वाटली हो. आमच्या स्वयंपाकघरात एक रीत होती – चिरणं, भाजणं, उकळणं सगळं लेकीचं, पण मीठ माझं. मिठाच्या बरणीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझ्या वडिलांच्या वेळीही तसंच. मग ताप उतरल्यावरही मी घालत राहिलो, अंदाजाने. आणि गंमत बघा, सहा महिने एक तक्रार नाही! मी आपला मिशीत हसायचो – म्हटलं, जीभ गेली तरी हात शाबूत आहे आपला. काय कप्पाळ शाबूत! हात जड झाला होता माझा. लेकीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मागच्या शेगडीवर एक बिनमिठाचं पातेलं ठेवायला लागली, माझी पाठ वळली की यातलं त्यात, त्यातलं यात – माझा खारटपणा मोडून ठेवायची. रोज. सहा महिने.

आणि एक दिवस मला ते मागचं पातेलं दिसलं. वाटलं, अरे, हे राहिलंच की मीठ घालायचं. घातलं. मूठभर.

त्या दिवशी खानावळ भरलेली. लोकांनी तोंडातलं परत वाटीत थुंकलं. मला वाटलं, हिनेच बरणीला हात लावला. आणि मी – नाही, थांबा, सांगतो – मी तिला बाहेर बोलावलं, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणालो, ज्या हाताला मीठ कळत नाही तो हात माझ्या चुलीपाशी नको. असं म्हणालो मी. तिला! ती तोंड उघडती तर तिथल्या तिथे माझी अब्रू जात होती. तिने ॲप्रन काढला, घडी घातली, नीट चौकोनी घडी, गल्ल्याशेजारी ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातचं सगळं परत आलं, तेव्हा तिची आई म्हणाली, तुमच्या मागून पोरगी रोज निस्तरत होती, आता निस्तरा तुमचं तुम्ही. तेवढं बोलली. त्यानंतर ती माझ्याशी एकच वाक्य बोलते, वाढलंय म्हणून. महिन्याभरात खानावळीला कुलूप लागलं.

हं, झाले चार चमचे? सांगा. – राहतं? मागे राहतं? करपल्यासारखं, पण वाईट नाही? पुन्हा एकदा घ्या, घाईने बोलू नका, मागच्या महिन्यात एकजण असंच हो म्हणाला, मी आत घुसलो, तर आत दाढीवाला आचारी! खरंच राहतं? आणि मीठ? बरोबर. बरोबर असणारच. आता माझ्यातलंही एक चमचा घ्या – उष्टं नाही, मी लावलेलंच नाही तोंडाला – घ्या हो, पाया पडतो तुमच्या.

काय? अळणी? म्हणजे कमी, की अजिबातच नाही? अजिबातच नाही. एकाच पातेल्यातलं ना हे? तुमच्यात आहे आणि माझ्यात नाही? – आणि ही वाटी, ही छोटी, झाकण ठेवलेली, मला वाटलं चटणी असेल… मीठ आहे. टेबलाच्या तुमच्या बाजूला तर डबी आहे, सगळ्यांकडे डबीच आहे. वाटी फक्त मला. तिने बघितलंय. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीतून बघितलंय मला, केव्हाच. मीठ माझ्यासाठी ठेवलंय, पूर्वीसारखं.

नाही, तुम्ही नका घालू. मीही नाही घालणार. घातलं तर पुन्हा तेच, पुन्हा माझी चूक तीच झाकणार. अहो दादा, वाढपी दादा, इकडे या. हे सूप आत न्या. ही मिठाची वाटीही न्या. आत ज्या आहेत ना, त्यांना सांगा, बाहेर एक म्हातारा बसलाय, तो म्हणतो, मला मीठ कळत नाही. मोठ्याने सांगा, लोकांनी ऐकलं तरी चालेल. म्हणावं, दीड वर्षापासून कळत नाही. तूच घाल. असंच सांगा, तूच घाल.

गेला. पडद्यामागे गेला. – ऐकताय? तवा खरवडत होतं कुणीतरी आत, मघापासून. थांबलं.

तुम्ही उठा आता. राग मानू नका, तुमची वाटी घेऊन त्या पलीकडच्या टेबलावर बसा. उठा हो, लवकर. ही खुर्ची रिकामी हवी.