नळीवरचं नाव

रक्त काढणाऱ्या बाईंनी दंडाला पट्टा आवळला, तरी खुर्चीतल्या ताईचं आणि शेजारी उभ्या धाकट्या भावाचं बोलणं काही थांबेना.

"रिपोर्टमध्ये आलंय, माझ्या रक्तात आता सगळा तुझाच डीएनए."

"मी तर बोनमॅरोची एकच पिशवी दिली होती, ताई. दोन वर्षं पुरली कशी?"

"पेशी दोन व्हायच्या आधी डीएनएची नक्कल काढते. डीएनएची ती पिळाची शिडी मधोमध उकलते आणि प्रत्येक अर्ध्याला नवं अर्धं जुळवलं जातं."

"चुका होत नाहीत?"

"क्वचित. जोडता जोडताच तपासणी चालते. तुझ्यासारखं नाही, माझा जुना निबंध उतरवलास तो खालच्या माझ्या नावासकट."

"मास्तरांनी वर्गात मोठ्याने वाचायला लावला होता."

"तुझे उपकार कसे फेडू रे?"

"उपकार कसले? तुझ्याच वह्यांवर दहावी झालो मी."

बाईंनी सुई काढून कापूस दाबला. दर महिन्याची ओळख होती, पण नियम म्हणजे नियम. भरलेल्या नळीवर पेन टेकवून त्यांनी विचारलं, "नाव?"

ताईने भावाकडे पाहिलं.

"ताईचंच लिहा," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून तेच लिहितो."