चंदाचा आवाज

तुम्ही मुलांच्या वाचनाचं काढलंत म्हणून आठवलं. चंदा तिसरीत होती माझ्या. ती धडा वाचायला उभी राहिली, की कोण भांडतंय ते बघायला शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात यायचे. हरणाचं पाडस रानात हरवतं तो धडा, पण तोही ती ओरडूनच वाचायची.

मी म्हटलं, "बेटा, पाडस हरवलंय. जरा हळू वाच ना."

"हळू वाचलं त बाबाले ऐकू येत नाही, बाई."

मला काही कळेना, म्हणून संध्याकाळी तिच्या घरी गेले. वडील विणकर. तेव्हा नागपुरात त्या वस्तीत घरोघरी माग होते. वडिलांचा माग खटखट चाललेला, आणि बाजूला बसून चंदा त्यांना धडा ऐकवतेय, बेंबीच्या देठापासून. सूत तुटलं तरच तो माग थांबायचा.

मी तिच्या कानात सांगितलं, "आज इथंही हळू वाचून बघ."

पाडसापाशी आल्यावर तिनं आवाज अगदी खाली आणला. वडिलांनी मान तिरकी केली, कान दिला, तरी काही ऐकू येईना. शेवटी त्यांनी माग थांबवला. चंदा वाचतच राहिली, हळू, आणि ते हात तसेच ठेवून ऐकत बसले.

आतून तिच्या आईनं विचारलं, "काहून थांबले जी? सूत तुटलं का?"

"नाही वं," ते म्हणाले, "पाडस हरवलं."