दोन तासांचं काम

— नाही नाही, तिथे नको, त्या स्टुलावर प्लॅस्टर सांडलंय, सगळी पांढरी होशील — इकडे खिडकीपाशी बस. आणि तो फोन ठेव टेबलावर, होऊ दे रेकॉर्ड, फक्त त्या कवळ्यांपासून लांब ठेव. दचकलीस? अगं, दातच आहेत. नुसते दात, मागे माणूस नाही, चावणार नाहीत. तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाचीच्या वयाची आहेस. हं, तर काय सांगत होते — तुमच्या पेपरला मी काहीएक कळवलेलं नाही. तो फॉर्म भरला माझ्या वहिनीने. माझं नाव, माझा नंबर, माझं वय — वयसुद्धा अगदी बरोबर, दोन वर्षं कमी टाकायची माणुसकी नाही — आणि खाली तुमची ती "थोडक्यात अनुभव" अशी जागा आहे ना, तिथे लिहिलं, "आमच्या ताईंनी वडिलांसाठी संसाराचा त्याग केला." थोडक्यात! एकतीस वर्षं मी या टेबलाशी बसून लोकांचे दात घडवतेय, आणि माझा अनुभव थोडक्यात सांगणार कोण, तर वहिनी.

आणि ती एकटी नाही. तुमचं ते आवाहन मला नऊ जणांनी पाठवलं. नऊ! खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने पाठवलं, दाताच्या डॉक्टरांकडे फोन घेते त्या पोरीने पाठवलं, मामेबहिणीने पाठवलं — जिला माझा वाढदिवस गेली सात वर्षं आठवला नाही. "आईवडिलांसाठी लग्न न केलेल्या स्त्रिया हव्या आहेत. नाव आणि फोटो देण्याची तयारी असावी. शुक्रवारपर्यंत कळवा." हव्या आहेत — भाड्याने खोली हवी आहे तसं. आणि या नऊ जणांना ते वाचून एकच चेहरा आठवला. माझा. तुम्ही अशीच माणसं हुडकता होय? आधी दुःख ठरवायचं, मग त्या मापाचा माणूस शोधायचा. मी उलटं करते बाई. मी आधी जबड्याचं माप बघते, मग दात लावते. — नाही, तुला टोमणा नाही मारत. म्हणजे मारतेय, पण तू लावून घेऊ नकोस. तुला पगार त्याचाच आहे.

मग येऊ का दिलं तुला? चांगला प्रश्न आहे. फोनवरच नाही म्हणता आलं असतं. पण तू फोनवर म्हणालीस ना, "तुमचा त्याग लोकांपर्यंत पोचायला हवा" — तेव्हा मला वाटलं, हिला समोर बसवूनच सांगावं. ऐक. मी कुणासाठी काही सोडलेलं नाही. मला लग्न करायचं नव्हतं. संपलं. मला हे टेबल आवडतं, हा दिवा आवडतो, सकाळी येऊन मेण वितळवायला ठेवलं की त्याचा जो वास सुटतो तो आवडतो, आणि कुणी "जेवायला कधी येणार" विचारलेलं आवडत नाही. एवढंच. आता यात बातमी आहे का? नाही. बघ, पेन थांबलं तुझं.

कुणी विचारलंच नव्हतं? छे, विचारलं होतं की. ड्रॉइंगचे मास्तर होते एक — आहेत अजून, याच रस्त्यावर राहतात. चांगला माणूस. मी अडतिसाची, ते बेचाळिसाचे. कवळ्यांच्या हिरड्यांचा रंग जमत नव्हता मला, तर त्यांनी तासभर बसून गुलाबीत किती तांबडा घालायचा ते दाखवलं — अजून तेच प्रमाण वापरते मी. त्यांनी सरळ विचारलं, मग म्हणाले, रविवारी आईला घेऊन येतो. आणि मला नको म्हणायचं होतं. पण काय म्हणणार? "तुम्ही चांगले आहात, पण मला नको" — याला लोक कारण मानतात? बाईचं "नको" म्हणजे अर्धं "हो", असंच धरतात सगळे. आणखी चारदा विचारतात. का नको, कुणी दुसरा आहे का, काही आजार आहे का. पण "वडील आहेत" म्हण — की सगळे गप्प. डोळे पाणावतात उलट.

आता पंचाईत अशी, की त्याच आठवड्यात वडील चालले होते. माझा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला, चार दिवसांची रजा काढून — बाबांना कायमचं घेऊन जायला. हो, तोच, ज्याची बायको आता त्याग त्याग करतेय. तो न्यायला आला होता. मनापासून. वेगळी खोली काढली होती त्यांच्यासाठी. आणि बाबा तयार होते, बॅग भरून दाराशी ठेवली होती त्यांनी. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, नातवंडांत जीव रमेल म्हणत होते. बाबा गेले असते, तर रविवारी मी कुणाचं नाव सांगितलं असतं?

— हे रेकॉर्ड होतंय का? होऊ दे. नाही, बंद करू नकोस. होऊ दे म्हटलं ना.

गुरुवारी सकाळी मी त्यांची कवळी घेतली. घासून आणते म्हटलं. आणि दुपारी घरी जाऊन सांगितलं, तडा गेलाय, वेळ लागेल. तडाबिडा काही नव्हता. इथे, या कपाटात, वाटीत पाण्यात पडून होती ती. बाबा म्हणजे कसे — इस्त्रीच्या शर्टाशिवाय दूध घ्यायला खाली न उतरणारे. तिकडे भावाचे सासू-सासरे शेजारच्याच घरात. त्यांच्यासमोर बोळक्या तोंडाने? भाऊ म्हणाला, चला तर खरं, ताई मागाहून पाठवेल. बाबा म्हणाले, दात बसल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही. चार दिवस पेज आणि भिजवलेला पाव खाल्ला त्यांनी. रविवारी सकाळी भावाची रजा संपली, तो गेला. दुपारी मी कवळी दिली. संध्याकाळी मास्तर आले, आईला घेऊन. मी म्हटलं, "बाबांना टाकून कशी येऊ?" मास्तरांच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा शेजारीच बसले होते. दात घालून, शर्ट घालून.

भावाने नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा बाबाच म्हणाले, आता इथेच बरं आहे. सात वर्षं राहिले माझ्याजवळ. मी केलं त्यांचं, सगळं केलं, त्यात खोट नाही. पण त्याग म्हणशील तर कुणी केला? मी? घर ज्यांचं हुकलं ते बाबा. आणि भावाच्या मनात सोळा वर्षं बोचणी — ताईने माझं ओझं उचललं. म्हणून वहिनीने तो फॉर्म भरला. माझं देणं फेडतेय बिचारी.

काय? बाबांना कळलं नाही का?

अगं — बाबा त्याच्या आधीपासून रोज संध्याकाळी इथे बसायचे. त्या दारापाशी, खुर्चीवर. चिठ्ठ्या लिहायचे, डब्यांना नावं चिकटवायचे. कुणी तडकलेली कवळी घेऊन आलं की मी मान वर करायच्या आत तेच सांगायचे — "तडा आहे ना? दोन तासांनी या." शेकडो लोकांना सांगितलं असेल. दोन तास. आणि मी चार दिवस लावले, तर एकदा विचारलं नाही की बाई, एवढा कसला तडा. रविवारी कवळी हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटीसुलटी करून बघितली — आणि घातली. मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. सात वर्षं एका ताटाशी बसून जेवलो आम्ही.

पाणी नको. बस तू. मी ठीक आहे.

नाव बदलून छापता येईल म्हणतेस? का? चोरी केली म्हणून? त्याग केलेली बाई असते तर नाव, फोटो, वय सगळं हवं होतं तुम्हाला, आणि आता नाव बदलायचं? काही गरज नाही. तुझ्या साहेबांना सांग, छापायचं तर पूर्ण नावानिशी छापा, नाहीतर राहू द्या. भावाने वाचायला हवं, म्हणजे त्याची बोचणी जाईल. रागावेल, बोलणार नाही वर्ष-दोन वर्षं — न बोलू दे, हक्काने रागावू दे एकदाचा. आणि मास्तरांनीही वाचू दे. ते आवाहन पाठवणाऱ्या नऊ जणांमध्ये तेही होते. खाली लिहिलं होतं, "तुझीच आठवण झाली." बायको, मुलगी, सगळं छान आहे त्यांचं, आणि तरी सोळा वर्षं समजून आहेत की वडील नसते तर ही आली असती. नसते आले. असं म्हणायची तेव्हा हिंमत नव्हती. आज आहे, लिही. "वडील नसते तरी नसते आले." माझ्या शब्दांत लिही, मऊ करू नकोस.

नाही, फोटो नको. फोटोत मी बिचारीच दिसते, चेहराच तसा आहे.

ऊठ आता. मला पॉलिशचं मशीन लावायचंय, आणि ते लागलं की इथे कुणाचंच काही ऐकू येत नाही.