मनुबाईचा अंगठा

(मलकापूरजवळचं एक गाव, सकाळी दहाचा सुमार. दारात जयराज, त्याची बायको रेश्मा. पायरीवर त्याची आई मनुबाई.)

जयराज: मला माघारी धाडतो डेरीवाला? चारचौघांत? म्हनं, बिल मालकिणीच्या खात्यावर गेलं!

रेश्मा: बरोबरच हाय की. दूध जी घालती तिच्या खात्यावर बिल, असा ठराव झालाय.

जयराज: म्हस माझी हाय.

रेश्मा: व्हय, शेपटीसकट तुमची. उद्यापास्नं पाचला उठून धार बी तुमीच काढा. खातं बदलून घिऊ.

मनुबाई: म्हस उभी ऱ्हायली तर!

जयराज: तू हसू नगंस, आई. रेश्मा, दोन हजार पाठव. उदयसिंहाच्या वाढदिवसाचा बोर्ड लावायचाय. समद्यांनी वर्गणी काढलीया.

रेश्मा: भावी सरपंचाचा? धा वर्सं झाली, अजून भावीच हाय त्यो.

जयराज: बोर्डावर माझा बी फोटू असतोय!

रेश्मा: असतोय की. पार तळाला, टिकलीएवढा. गेल्या साली शेळीनं पयलं तुमालाच चावलं.

जयराज: पाठवतीस का न्हाई?

रेश्मा: संपलं पैसं. पेंड आणली, आपल्या शिवांजलीची शाळंची फी भरली, आन आत्यांच्या कवळीचं माप दिलं कराडात.

जयराज: कवळी? ह्या वयात?

मनुबाई: मग कवा बसवत्यात रं? दात असताना? तीन वर्सं भाकरी भिजवून गिळतीया मी.

जयराज: ऱ्हाऊ दे तुमचं. आई, चल, बस गाडीवर. तुझी पेन्शन आली असंल. बँकेच्या मशिनीवर अंगठा ठेव, झालं काम.

मनुबाई: मला नेमीसारखं शंभर देशील न्हवं?

रेश्मा: आत्या, किती येत्यात तुमाला म्हैन्याला?

मनुबाई: हजार. बाकीचं घरात जात्यात. जयराजच म्हनतो.

रेश्मा: कुठल्या घरात? माझं खातं काढाय गेले तवा तुमचं पासबुक बी छापून आणलं. दीड हजार येत्यात.

जयराज: पयलं हजारच हुतं, आई! आईच्यान!

रेश्मा: व्हय, हुतं. दीड होऊन दोन वर्सं झाली.

जयराज: आता... गाडीला पेट्रोल लागतंय की न्यायला-आणायला.

मनुबाई: मशीन मारुतीच्या देवळामागं हाय रं. आपल्या दारातल्या चिंचंपास्नं दिसतंय.

जयराज: तसं न्हवं, आई...

मनुबाई: मला वाटायचं, म्हातारीचा अंगठा तरी पोराच्या उपेगी पडतोय. रेश्मा, चप्पल दे गं माझी.

जयराज: अगं, सोडतो की मी. लय ऊन हाय.

मनुबाई: नगं. आमी दोघी जातो चालत, दमादमानं. काय घ्यायचं त्ये ठरवाय येळ लागंल मला. कवा ठरवलंच न्हाई.